रक्त कुणाकडचं

इस्त्रीवाल्यांचा चेहरा लाल होता आणि त्याचं खापर सगळ्यांनी वाफेवर फोडलं होतं. त्यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. धुलाईचं दुकान त्यांचं स्वतःचं. मागच्या खोलीत कपडे धुण्याची मोठी यंत्रं घरघरत असत, पुढच्या खोलीत वाफेची इस्त्री फुसफुसत असे, आणि त्या इस्त्रीसमोर हे सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभे. अशा माणसाचे गाल लाल होणार नाहीत तर काय निळे होणार?

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र लाली जरा जास्तच चढली होती. त्यांच्या आत्याने तर त्यांचं 'टमाट्या' असं नाव पाडून टाकलं होतं आणि पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला गिऱ्हाइकांदेखत या नावाने हाक मारताना तिला काडीचाही संकोच वाटत नसे.

दुसरा त्रास खाजेचा. गरम पाण्याने अंघोळ केली की अंगाला अशी खाज सुटे, की इस्त्रीवाले टॉवेल गुंडाळून खोलीभर येरझाऱ्या घालत, कधी दाराच्या चौकटीला पाठ घासत.

"झाला का नाच?" बायको बाहेरून विचारी. "आज कुठला होता, कालचाच का नवीन?"

ती असं म्हणे, पण साबण मात्र बदलून बदलून आणी. न्हाणीघरातल्या फळीवर अर्ध्या वापरलेल्या वड्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. फरक कशानेच पडला नाही.

घर दुकानाच्या वरच होतं. तिथे इस्त्रीवाले, त्यांची बायको आणि त्यांची आई अशी तिघं राहत. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती आणि तिला आता सातवा महिना लागला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वडिलांची बाजू लढवायला आत्या होती. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि रोज चहाच्या वेळेला न चुकता यायची. चहा हे निमित्त. खरं म्हणजे ती भांडायला यायची.

आई आणि आत्या या नणंद-भावजया. दोघींचं पहिलं भांडण आईच्या लग्नाच्या दिवशी झालं होतं आणि ते अजून मिटलं नव्हतं. आईला खिडकी उघडी लागे, आत्याला बंद. पण दोघींचा खरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे इस्त्रीवाले. त्यांच्या अंगात जे जे चांगलं ते आपल्याकडून आलं आणि उरलेलं समोरच्या बाजूने आलं, यावर दोघींची सारखीच श्रद्धा होती.

"हाताला जी सफाई आहे ना, ती माझ्या वडिलांची," आई म्हणायची. "टक्कल मात्र तुमच्याकडचं, वन्सं."

"टक्कल डोक्यावर असतं, दिसतं तरी," आत्या म्हणायची. "ते घोरणं कुणाकडचं आहे ते बोला, वहिनी."

ज्यांच्याविषयी हे चालायचं ते चहा संपवून गुपचूप खाली जात. इस्त्री निदान एकच बाजू घेत असे.

एक दिवस एका बाईंच्या कोटाची चिठ्ठी वाचताना त्यांना अक्षरं हलताना दिसली. पाण्यात पडल्यासारखी, लुकलुकणारी. डोळे चोळले, परत पाहिलं, तर तसंच. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ते रस्त्यापलीकडच्या चष्मेवालीकडे गेले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि बारीक उजेड टाकून डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग दिवा बंद केला. आणि पुन्हा लावून पाहिलं.

"नंबर तोच आहे," ती म्हणाली. "पण डोळ्यांच्या मागच्या शिरा मला आवडल्या नाहीत. नुसत्या तट्ट फुगल्यात. तुम्ही आधी रक्त तपासून घ्या."

"बघतो, या महिन्यात..."

"आज. मी कधी तुम्हाला म्हटलंय का, की माझा कोट आजच्या आज पाहिजे? नाही ना? मग आज एकदा म्हणतेय."

रक्त तपासलं. ते पाहून नेहमीच्या डॉक्टरांनी फार न बोलता त्यांना रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि चेहरा न हलवता विनोद करण्याची त्यांना सवय होती. तो विनोद आहे हे समोरच्याला जरा उशिराच कळे. त्यांनी कागद पाहिला, मग इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं, मग तळहात पुढे करायला लावले. तळहातही लाल.

"तुमचं रक्त फार दाट झालंय," त्या म्हणाल्या. "तांबड्या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. सिगारेट ओढता?"

"नाही."

"झोपेत घोरता? मध्येच श्वास थांबतो?"

"श्वास थांबत नाही," बायको म्हणाली. "थांबला असता तर शेजाऱ्यांना कळलं असतं. त्यांना वाटतं आमची यंत्रं चालू आहेत."

डॉक्टरीणबाईंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. गरम पाण्याने खाज सुटते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. बायकोला फळीवरच्या त्या सगळ्या वड्या आठवल्या असाव्यात.

"साबणाचा दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त कुठे तयार होतं माहीत आहे ना? हाडांच्या आत, मज्जेत. तिथल्या एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड झाला की ती कुणाचं ऐकत नाही, पेशी बनवतच सुटते. तसं आहे का हे बघायला आपण रक्ताची जनुक तपासणी करू. जॅक-टू नावाचं एक जनुक आहे, त्यात बदल झालाय का ते कळेल. रिपोर्टला दोन आठवडे तरी लागतात."

"आणि बदल झाला असेल तर?" बायकोने विचारलं.

"तर त्याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शब्द त्यांनी गिळला नाही आणि आपटलाही नाही. "हळू चालणारा."

"हळू म्हणजे किती हळू?" बायकोने विचारलं.

"माझ्या आधी इथे एक डॉक्टर होते. ते म्हातारे होऊन निवृत्त झाले. त्यांचे असे पेशंट अजून येतात आणि मला सांगतात, की ते डॉक्टर तुमच्यापेक्षा चांगले होते."

बाहेर आल्यावर दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले. रस्त्यावरची माणसं ज्याच्या त्याच्या कामाला चालली होती, याचाच त्यांना जरा राग आला.

"चला," बायको म्हणाली. "कुत्रा पाळू म्हटलं तर नको म्हणालात. आता कासव पाळावं लागणार असं दिसतंय."

ते हसले. पण दुकानात परत आल्यावर त्यांनी पाहिलं, की बायकोने एक पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावला, मग काढला आणि पुन्हा पहिल्यापासून इस्त्री करायला घेतला. कॉलर, खांदे, बाह्या, सगळं. ती शर्ट तिसऱ्यांदा इस्त्रीला घ्यायला लागली तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून हळूच घेतला.

संध्याकाळी चहाला आत्या आली. बायकोने होईल तेवढ्या सौम्य शब्दांत दोघी म्हाताऱ्यांना सांगितलं. कॅन्सर शब्द आला तेव्हा आईने पदराचं टोक मुठीत धरलं आणि आत्या कप खाली ठेवून गप्प झाली. दोघी एकाच वेळी गप्प आहेत असं त्या घराने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना धीर यावा म्हणून बायको म्हणाली, "अजून नक्की नाही काही. जनुकाची तपासणी करायला दिलीय."

तिथेच चुकलं.

"जनुक?" आत्याने मान वर केली. "म्हणजे घराण्यातून येतं ते?"

"हं," आई म्हणाली. तिच्याही जिवात जीव आल्यासारखा दिसला. "मग विचारायलाच नको. माझ्या माहेरी सगळे फिकट. लाल माणूस औषधाला सापडणार नाही."

"आणि तुमचे धाकटे काका? नाक कसलं होतं त्यांचं? बीट!"

"ते दारूमुळे होतं!"

"बरं झालं. इतक्या वर्षांनी कबूल तरी केलंत."

इस्त्रीवाले खाली गेले. जाता जाता त्यांच्या मनात आलं, की या दोघी घाबरल्या आहेत, आणि घाबरल्यावर काय करायचं याची दोघींना एकच रीत ठाऊक आहे. पण ते कळूनही त्यांना काही बरं वाटलं नाही.

त्या दोन आठवड्यांत भांडणाने घराण्यांचा कानाकोपरा धुंडाळला. आईने आत्याच्या आजोबांना उकरून काढलं, ते म्हणे रागावले की मानेपर्यंत लाल होत. आत्याने आईच्या मावशीला हजर केलं, तिला म्हणे उन्हाळ्यात घोळणा फुटायचा. कुणाच्या डोक्याला मुंग्या येत, कुणाला अंघोळीचा कंटाळा होता. जे सापडेल ते पुरावा म्हणून मांडलं जाऊ लागलं. सगळी मेलेली माणसं रोज चहाला येऊन बसल्यासारखी वाटायची.

अशातच मुलीचा फोन आला. आपल्या आईशी बोलून झाल्यावर तिने बाबांना फोन द्यायला सांगितलं.

"काय बाबा, ऐकतेय ते खरं का? तुम्ही म्हणे आता घराण्याचा मामला झालात."

"चाललंय दोघींचं," इस्त्रीवाले म्हणाले. "तू कशी आहेस?"

"मी मजेत. लाथा खातेय." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, मला तुमच्याकडून काय काय मिळालंय ते एकदाचं सांगून टाका बरं. घोरणं तर मिळालंय, हे म्हणतात मला. आणखी काही असलं तर आत्ताच सांगा."

थट्टाच होती. ती लहानपणापासून अशीच बोलायची, बायकोवर गेली होती. पण शेवटचे शब्द जरा घाईने आले, आणि घाईने बोलणं हे तिचं नव्हतं. तेही हसले, काहीतरी उत्तर दिलं, फोन ठेवला. आणि इस्त्रीसमोर उभे राहिल्यावर त्यांना हातातला झगा कुठून सुरू करायचा तेच आठवेना.

आपल्याला काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी एव्हाना मनाशी ठरवून टाकलं होतं. रक्त दाट तर दाट. पण आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं: लोकांच्या वस्तू स्वच्छ करून परत देणं. डाग राहिलेला कपडा त्यांच्या हातून कधी गिऱ्हाइकाकडे गेला नव्हता. आणि आता ज्या एका जिवाला आपण स्वतःचं असं काही दिलं, तिला आपण काय देऊन बसलो, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि तिच्या पोटातल्याला?

"डॉक्टरीणबाईंना त्याच दिवशी विचारलं का नाही?" बायको म्हणाली. त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, पण झग्याची अवस्था तिने पाहिली होती.

"विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं," इस्त्रीवाले म्हणाले.

बायकोने झगा त्यांच्या समोरून उचलला आणि स्वतः इस्त्रीला घेतला.

रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, तेव्हा आई आणि आत्या दोघीही निघायला तयार होऊन बसल्या. निकाल कानांनी ऐकल्याशिवाय दोघींचाही विश्वास बसणार नव्हता, आणि दुसरीने घरी येऊन तो आपल्या सोयीने सांगितला असता अशी दोघींना खात्री होती. आईने ठेवणीतली साडी काढली. ते पाहून आत्या घरी परत जाऊन आपली ठेवणीतली नेसून आली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पेशंटसाठी दोनच खुर्च्या होत्या. दोघी म्हाताऱ्या त्यात बसल्या. इस्त्रीवाले आणि त्यांची बायको मागे भिंतीशी उभी राहिली.

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो मागे," आत्या म्हणाली. "तुम्ही आमच्याशी बोला."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालेल म्हणून.

"तर जॅक-टूमध्ये बदल सापडला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला जी शंका होती तेच निघालं. आजार आहे, आणि आता त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे."

बायकोचा हात इस्त्रीवाल्यांच्या मनगटाभोवती आला आणि तिथेच राहिला.

"जॅक म्हणजे तो का?" आत्याने विचारलं. "गाडीखाली लावतात तो?"

"तसाच समजा ना. गाडी वर उचलली आणि जॅक खाली घ्यायचं कुणी विसरून गेलं. मज्जेला पेशी बनवायचा निरोप जातो आणि थांबतच नाही."

"ते असू दे," आई खुर्चीत पुढे सरकली. "आधी एक सांगा. आलं कुणाकडून? खरं सांगा हं, कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नका."

"आम्हाला वाटणार नाही," आत्या म्हणाली. "यांचं सांगता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणाकडूनच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बदल घेऊन हे जन्मलेले नाहीत. तुमच्याकडून नाही, तुमच्या भावाकडून नाही. हे मोठे झाल्यावर कधीतरी यांच्या मज्जेतल्या एका पेशीत तो झाला. एकाच पेशीत. कदाचित दहा-वीस वर्षांपूर्वी. मग तिची पिल्लावळ वाढत गेली, सावकाश. हे यांचं स्वतःचं आहे."

दोघी म्हाताऱ्यांनी मागे वळून इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं. या माणसाने घरातलं काहीतरी न विचारता विकून टाकलं असावं, तसं पाहिलं.

"याचं स्वतःचं?" आई म्हणाली. "अहो, यानं आजवर शर्टसुद्धा स्वतःच्या मनानं घेतला नाही!"

"आणि आम्हाला पत्ता नाही," आत्या म्हणाली. "वीस वर्षं!"

"मुलीला?" इस्त्रीवाले म्हणाले.

ते भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. "माझी मुलगी आहे. तिला... तिला दिवस आहेत."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या बोलण्यातला तो कोरडा खट्याळपणा नाहीसा झाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा बदल तुमच्या मज्जेत आहे. मज्जेतलं आपण मुलांना देत नाही. तो तिच्याकडे गेलेला नाही, बाळाकडेही जाणार नाही. एखाद्या घरात असे दोन पेशंट निघतात, नाही असं नाही, पण ते फार क्वचित. तिला कसलीही तपासणी नको. तिला सांगा, निवांत राहा."

भिंतीशी तपासणीच्या टेबलावर चढायची छोटी पायरी होती. इस्त्रीवाले तिच्यावर बसले. बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, मग पुन्हा पुसला.

"वाफ गेली डोळ्यांत," ते म्हणाले.

"इथे वाफ नाहीये हो," बायको म्हणाली आणि आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. तिला स्वतःलाच तो हवा होता.

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं समजावलं. रक्त दाट असलं की शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो, खरी भीती तिचीच. म्हणून अधूनमधून हातातून पिशवीभर रक्त काढून टाकायचं आणि रोज एक छोटी गोळी घ्यायची. पाय सुजला, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तर विचार करत बसायचं नाही, तडक यायचं. फार वर्षांनी काहीजणांत हा आजार आपला स्वभाव बदलतो, तेही त्यांनी लपवलं नाही; म्हणून ठरलेल्या वेळी तपासायला यायचंच. जन्माची सोबत आहे, पण नीट सांभाळली तर बहुतेकांना पुष्कळ वर्षं मिळतात.

"एक राहिलं," आत्या म्हणाली. "माझीही तपासणी करा. आमची बाजू स्वच्छ आहे हे मला लिहून पाहिजे."

"मग माझीही करा," आई म्हणाली.

"अहो, मी आत्ताच सांगितलं ना, की बाजूंचा संबंधच नाही..." डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आणि मध्येच थांबल्या. आत्याने टेबलावर हात टेकले होते. डॉक्टरीणबाईंनी ते हात उचलून नखं पाहिली, मग आत्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली.

"करू या," त्या म्हणाल्या. "जनुकांची नाही, साधीच. दोघींची."

पहिल्यांदा रक्त काढायचं तेही त्याच दिवशी, शेजारच्या खोलीत झालं. इस्त्रीवाले आडवे पडले, परिचारिकेने सुई लावली आणि पिशवी भरू लागली. काळपट, जाडसर रक्त. दोघी म्हाताऱ्या दोन बाजूंनी उभ्या राहून पाहत होत्या.

"हे आता दुसऱ्या कुणाला देणार?" आईने विचारलं.

"नाही आजी. आजाराचं रक्त देता येत नाही. टाकून देतो."

"एवढं सगळं? टाकून?" आत्याला ते मुळीच पटलं नाही. तिने परिचारिकेशी बराच वाद घातला.

मुलीला फोन बायकोनेच लावला आणि इस्त्रीवाल्यांच्या हातात दिला. "तुझ्या वाट्याला फक्त घोरणं आलंय," ते म्हणाले. "बाकी सगळं मी स्वतःजवळ ठेवलंय." मुलगी म्हणाली, "कंजूष कुठले," आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आईचं रक्त तिच्या वयाला शोभण्याहून चांगलं होतं. आत्याचं मात्र असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं होतं.

तेव्हा एकेक गोष्ट बाहेर पडली. आत्या गुडघ्यांसाठी कितीतरी महिने औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होती, कुणाला न विचारता. त्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतल्या आत थोडं थोडं रक्त जात होतं. शिवाय एकटीसाठी कोण रांधत बसणार म्हणून ती रात्री चहात पाव बुडवून खायची आणि झोपायची. इस्त्रीवाल्यांना आठवलं, की हल्ली वर येताना ती जिन्याच्या मध्यावर थांबायची. विचारलं तर म्हणायची, भिंतीचा रंग उडालाय तो बघतेय.

आत्या चार दिवस दवाखान्यात राहिली. गोळ्या बंद झाल्या, पोटाचं औषध सुरू झालं, रक्त चढवलं गेलं. भेटायला गेलेल्या इस्त्रीवाल्यांकडे तिने पाहिलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आयुष्यभर दुसऱ्याच्या घराण्यातले दोष दाखवत आलेल्या बाईला स्वतःचा दोष उशाशी लिहून टांगलेला सहन होत नव्हता.

आई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "बघा, वन्सं, कसं झालं ते. सगळं रक्त याला देऊन बसलात, स्वतःला काही ठेवलंच नाहीत."

आत्या हलली नाही. पण थोड्या वेळाने भिंतीकडून आवाज आला, "म्हणजे याच्या अंगात होतं ते आमच्याकडचंच ना?"

"ते जास्तीचं होतं, तेवढं तुमचं."

"जास्तीचं का होईना."

आत्या घरी आली तेव्हा आईने नवीनच क्रम सुरू केला. आता चहाला आत्या यायची नाही, आईच तिच्याकडे जायची. बरोबर डब्यात जेवण आणि दोन उकडलेली अंडी. आत्या ती खाईपर्यंत आई समोर बसून राहायची आणि त्या वेळात दोघींची कडाकडा भांडणं व्हायची. आत्याचं म्हणणं, अंडी कच्ची राहिली. आईचं म्हणणं, ज्यांना स्वतःला पाणी उकळता येत नाही त्यांनी बोलू नये. खिडकीचं काही जमलं नव्हतं. आई आल्याबरोबर ती उघडायची आणि जाताना आत्या उठून लावायची. उठायला लागली हेच पुष्कळ, असं आई घरी येऊन सांगायची.

इस्त्रीवाल्यांचं दुसऱ्यांदा रक्त काढून झालं होतं. डोकं हलकं वाटत होतं, अक्षरं जागच्या जागी बसली होती. खाज मात्र अजून थोडी होती, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्याबद्दल काही वचन दिलं नव्हतं. त्यांनी फक्त कोमट पाण्याने अंघोळ करायला सांगितली होती. बायकोने फळीवरचे साबण उचलून दुकानातल्या कामगार बायकांना वाटून टाकले.

एका संध्याकाळी अंधार लवकर पडला म्हणून ते आईला आणायला आत्याकडे गेले. परत येताना दोघं सावकाश चालत होती. रस्ता उकरून ठेवलेला होता, आई पाय जपून टाकत होती.

"त्या दिवशी," आई एकदम म्हणाली, "तू त्या पायरीवर बसलास ना दवाखान्यात. तेव्हा मला कळलं. तुला इतके दिवस मुलीचीच भीती वाटत होती."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दोघी बोलत होतात."

आईने त्यांच्या दंडाला धरलं. उकरलेला भाग मागे पडला तरी सोडलं नाही.

"पुढच्या वेळी मध्ये बोलत जा," ती म्हणाली.

"ऐकाल का?"

आईने विचार केला. या बाबतीत तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"ऐकणार नाही बहुतेक," ती म्हणाली. "पण तू बोलत जा."